ब्रेडच्या पिशवीतलं स्पूल

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे वरणभाताची प्लेट घेऊन काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "तुझ्याकडे टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा मिळेल का गं? स्पूलवाल्या टेपरेकॉर्डरचा."

काका म्हणजे इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, अगदी सुरुवातीला आलेल्या मराठी डॉक्टरांपैकी एक. आम्ही नवे आलो तेव्हा बर्फातले बूट कुठे घ्यायचे, हे त्यांनीच गाडीत घालून नेऊन दाखवलं होतं. मी तीस वर्षं हॉस्पिटलात कान तपासायची यंत्रं दुरुस्त केली आणि घरी, हौसेनं, जुने टेपरेकॉर्डर. वडिलांचं नागपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तारा जोडायच्या सोल्डरचा वास मला उदबत्तीच्या आधी ओळखता यायला लागला. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे काकांनी मला विचारलं यात नवल नव्हतं.

"कुठलं मशीन आहे, काका?"

"असंच, जुनं. बेसमेंटमध्ये पडलंय."

मी पट्टा मागवून दिला. कसा चालतोय म्हणून पुढे कधी विचारलं नाही, आणि तेही त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर काका गेले. फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा फोन आला. ती त्यांची एकुलती एक, इथेच जन्मलेली, आता पन्नाशी ओलांडलेली, प्लेनोला एका मोठ्या कंपनीत वकील. मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्लिश मिसळूनच. काकूंना ती आपल्याकडे टेक्सासला नेणार होती आणि इथलं घर रिकामं करायला आली होती.

"मावशी, बेसमेंटमध्ये एक टेप मशीन आहे. आय वॉज गोइंग टू डोनेट इट, पण मॉम म्हणते आधी तुला विचारायचं."

मी गेले. काकू खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. मशीन आणि स्पूलांचं खोकं मी गाडीत ठेवलं तेव्हा म्हणाल्या, "सासूबाईंच्या टेपा आहेत त्यात. साताऱ्याहून पोस्टानं यायच्या. मला ऐकवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. तू बघ काय करायचं ते."

त्या काळात टेलिफोन म्हणजे मोठी गोष्ट होती. दोन्हीकडे मशीन असेल तर लोक पत्राऐवजी छोटं स्पूल पाठवायचे. काकांच्या धाकट्या भावाकडे साताऱ्यात असं मशीन होतं.

घरी येऊन मी मशीन जेवणाच्या टेबलावर उघडलं. इतक्या जुन्या मशीनमधला पट्टा बहुतेक डांबरासारखा वितळलेला असतो, बोटांना चिकटतो आणि आठवडाभर निघत नाही. इथे पट्टा नीट होता. मीच मागवलेला. ज्या हेडवरून टेप सरकते ते लखलखीत पुसलेलं होतं. झाकणाच्या कप्प्यात कापसाच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली ठेवली होती. म्हणजे मशीन नुसतं पडून नव्हतं, ते चालत होतं. मला वाटलं, म्हातारपणी काका आईचा आवाज ऐकत बसत असतील. बरं वाटलं.

स्पूलं अकरा होती. दहांवर काकांच्या अक्षरात 'आई' आणि पुढे आकडा. अकरावं तळाशी, ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, तारेनं पिळून बंद केलेलं. त्यावर काहीच लिहिलं नव्हतं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. जुनी टेप कधी तुटेल सांगता येत नाही, म्हणून माझी सवय अशी की मशीन चालू केलं की त्याच वेळी कॉम्प्युटरवरही रेकॉर्डिंग सुरू करायचं.

आधी खरखर, मग एक बाई घसा खाकरून म्हणाल्या, "चालू झालं का रे? बोलू?" मग आवाज एकदम मोठा करून, सातासमुद्रापार ऐकू जावं असा, "जेवलास का?"

आणि त्या थांबल्या.

खूप वेळ. मागे कबुतर घुमत होतं, कुणीतरी बादली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "काय केलं होतं?" पुन्हा शांतता. "बरं, बरं."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. मुलगा हे ऐकणार एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या त्याच्या उत्तरासाठी जागा सोडत होत्या. पुढे प्रत्येक स्पूलाची सुरुवात तशीच. पहिले दोन दिवस मला हसू यायचं. तिसऱ्या दिवशी टेपमधून "जेवलास का?" आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवले."

"काय केलं होतं?"

पुढचा प्रश्न तोच येणार हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर बर्फावर ऊन होतं.

आणखी एक गोष्ट होती. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. त्यामुळे ऐकताना शब्द यायच्या सेकंदभर आधी त्याची सावली ऐकू येते. आधी लांबून, जणू भिंतीपलीकडून "जेवलास का", आणि मग जवळून, खणखणीत, "जेवलास का?" यामागचं कारण मी कितीतरी जणांना समजावून सांगितलं आहे. पण घरात एकटं बसून, एका गेलेल्या बाईचा शब्द ती बोलण्याआधी ऐकायचा, याची सवय काही होत नाही.

सातव्या स्पूलावर काकांच्या आईचा आवाज वेगळाच होता. जेवणाचं विचारलंच नाही.

"ती गेली असं तोंडानं म्हणायचं नाही. ऐकतोयस ना?" शांतता. "तीच आलीय परत. त्याच नावानं हाक मारायची. पोरीला यातलं कधी सांगायचं नाही." शांतता. "सुनेला म्हणावं, डोळे पूस."

मला वाटलं, घराण्यातली कुणी म्हातारी गेली असेल आणि पाठोपाठ नात जन्मली असेल. आजी नातीच्या रूपानं परत येते असं आपल्याकडे म्हणतातच. मी पुढचं स्पूल लावलं.

शेवटी ब्रेडची पिशवी सोडली. टेपला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, म्हणजे ती कुजायला लागली होती. फार वेळा चालवता येणार नव्हती. मी जपून लावली.

तरुण पुरुषाचा आवाज आला. काकाच होते, पण ऐन तिशीतले, हसू दाबून बोलणारे. "कोण बोलतंय ते आजीला सांग."

आधी भिंतीपलीकडून आणि मग जवळून एक लहान मुलगी म्हणाली, "छकुली."

"छकुली किती वर्षांची आहे?"

"चार. मग पाच."

आणि तिनं बर्फाचं गाणं म्हटलं, तिचं तिनंच जुळवलेलं. चाल मध्येच बदलायची, शब्द संपले की नुसतं 'बर्फ बर्फ' म्हणायची. काका-काकू आपल्या मुलीला आजही छकुलीच म्हणत, इतक्या मोठ्या वकीलबाईला, चारचौघांत. मी खूश झाले. गाणं संपल्यावर मशीन बंद केलं. पुढचं पहिल्यांदा तिनंच ऐकावं असं वाटलं.

एक मात्र मनात राहिलं. मुलीच्या आवाजाखाली अगदी बारीक कुणीतरी पुटपुटत होतं, उलटं. उलटं बोलणं ऐकलं की कोणी शब्द आत ओढून घेतंय असं वाटतं. हेड केसभर सरकलेलं असलं की टेपच्या दुसऱ्या बाजूचा आवाज असा पाझरतो. म्हणजे दुसऱ्या बाजूलाही काहीतरी होतं. कारण मला माहीत होतं, पण खोली सोडून बाहेर येताना मी दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी दोघी आल्या. काकूंना मी मशीनजवळच्या खुर्चीवर बसवलं. मुलगी कोट न काढताच टेबलाशी उभी राहिली. मी सवयीनं कॉम्प्युटर सुरू केला, मग मशीन.

"छकुली," टेपमधली मुलगी म्हणाली.

"ओ माय गॉड, दॅट्स मी?" तिनं फोन काढून रेकॉर्ड करायला घेतलं. "मॉम, ऐक! आय साउंड सो बॉसी!"

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला वाटलं काकांच्या आवाजामुळे असेल.

गाणं संपलं. काका म्हणाले, "आजीला आपली गंमत सांगायची का?"

"आईच्या पोटात बाळ आहे."

मुलगी हसायची थांबली. "कुठलं बेबी? मी तर एकटीच... मॉम, डिड यू लूज अ बेबी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "ते बाळ म्हणजे तू."

टेप चालूच होती. मी बंद करायला हात पुढे केला तर काकूंनी माझं मनगट धरलं. "थांबवू नकोस."

"देन हू इज धिस?" मुलीनं विचारलं.

"ही छकुली."

"बाळ आलं की मी कुठे झोपू?" टेपमधल्या मुलीनं विचारलं. आधी लांबून, मग जवळून. काका मोठ्यानं हसले, "इथेच की. कुठे जाणार आहेस तू?" आणि कट् करून रेकॉर्डिंग संपलं.

काकूंनी सांगितलं ते थोडक्यातच. ही टेप साताऱ्याला पाठवायची होती. चार दिवस मागे राहिली. तेवढ्यात पोरीला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. पाच वर्षांची व्हायला एक महिना होता. "हे डॉक्टर. सगळं हॉस्पिटल यांच्या ओळखीचं. काही उपयोग झाला नाही." पुढे दीड महिन्यात दुसरी मुलगी झाली आणि साताऱ्याहून सासूबाईंची टेप आली, तीच आलीय, त्याच नावानं हाक मारायची, पोरीला कधी सांगायचं नाही. सातव्या स्पूलावरचे ते शब्द मला आता कळले.

"तुम्हाला पटलं होतं ते?" मी विचारलं.

"छे. आई आहे मी. माझी पोर मला कळत नाही? पण यांना पटलं असावं. यांनी त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली. मग मीही तेच म्हणायला लागले. हिची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत मी धड झोपले नाही, एवढं खरं."

मुलगी खुर्चीत बसली. "यू यूज्ड टू वॉच मी ईट," ती म्हणाली. "प्रत्येक बाइट स्वॅलो करेपर्यंत बघत राहायचीस." काकूंनी मान हलवली. मग तिनं मराठीत विचारलं. मी तिला वाक्यच्या वाक्य मराठीत बोलताना कितीतरी वर्षांनी ऐकलं.

"मग मी कोण?"

काकूंनी तिचा हात हातात घेतला. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. "काकू, दुसऱ्या बाजूलाही काहीतरी आहे."

"दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. कोरी होती ती."

"आहे. मी ऐकलंय. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी बोलतंय."

त्यांनी माझ्याकडे आणि मग मुलीकडे बघितलं. "लाव."

मी स्पूल उलटं करून लावलं.

खरखर झाली. खोलीचा आवाज आला, बंद जागेचा, बेसमेंटचा. मग काका म्हणाले, "छकुली, जेवलीस का?"

आणि थांबले. त्यांच्या आईसारखे. आम्ही तिघी त्या शांततेत बसलो. "काय केलं होतं आईनं?" पुन्हा तेवढीच शांतता. "बरं." कट्.

पुन्हा खरखर. "छकुली, जेवलीस का?"

असे किती तुकडे होते, मी मोजले नाहीत. वर्षातून एखादा असावा. प्रत्येकात तोच प्रश्न, तेवढंच थांबणं, आणि मग एखाददुसरं वाक्य. एका तुकड्यात म्हणाले, "तुझी बहीण आज पाच वर्षांची झाली. आता ती तुझ्याहून मोठी." थांबले. "नाव तुझंच आहे तिला. पण ती तू नाहीस, मला माहीत आहे. आजीला सांगू नकोस."

मुलीनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

पुढे बहीण गाडी चालवायला शिकली. बहीण कॉलेजला गेली. बहीण प्लेनोला गेली, लांब आहे. दर तुकड्यागणिक आवाज जाड होत गेला, मग फाटत गेला, मग वाक्याच्या मध्ये धाप लागायला लागली. अर्ध्या तासात एक माणूस तिशीतून ऐंशीत गेला. मी जन्मभर आवाजांचं काम केलं, असं कधी ऐकलं नव्हतं. मधल्या एका तुकड्यात मागे वरच्या मजल्यावर भांड्यांचा आवाज होता.

"ती मी," काकू म्हणाल्या. "खालून बोलणं ऐकू यायचं मला. वाटायचं, रेडिओ लावलाय."

शेवटच्या तुकड्यात काकांचा श्वास शिटीसारखा वाजत होता.

"छकुली," ते म्हणाले. या वेळी जेवणाचं विचारलं नाही. "मी येऊ का?"

आजवर थांबले नव्हते इतका वेळ थांबले. मी टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. वर बघायची हिंमत झाली नाही.

"बरं," काका म्हणाले.

त्यानंतर कट् आलं नाही. त्यांनी मशीन बंद केलंच नव्हतं. खुर्ची करकरली, पावलं एकेक पायरी चढत वर गेली, दार लागलं. मग नुसती रिकामी खोली ऐकू येत राहिली. आम्ही तीही ऐकली, कुणी हललं नाही, टेप संपून तिचं टोक फटफट वाजायला लागेपर्यंत.

मुलगी उठून बाहेर गेली. खिडकीतून ती गाडीला टेकून उभी दिसत होती, कोटाची बटणं उघडी. दहा मिनिटांनी नाक पुसत आत आली आणि आईला विचारलं, "तिचा बर्थडे कधी असतो?" काकूंनी तारीख सांगितली. तिनं फोनच्या कॅलेंडरमध्ये ती टाकली, दर वर्षी आठवण करून देईल अशी. नावाच्या जागी तिनं लिहिलं, 'माय सिस्टर'.

"ती तू नाहीस," ती स्वतःशीच म्हणाली, काकांच्याच शब्दांत. आणि हसली. "डॅड न्यू, मॉम. डॅडला ऑलवेज माहीत होतं."

"मला नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता. "पन्नास वर्षं मी वर भाकऱ्या भाजत होते, आणि हे खाली तिच्याशी बोलत होते. मला का नाही बोलावलं?"

मी चहा ठेवला.

निघताना काकू म्हणाल्या, "सासूबाईंच्या टेपांच्या कॉप्या कर. गाण्याची पण कर. ती दुसरी बाजू मात्र नको. ते त्या दोघांचं आहे." मी हो म्हटलं. टेप मी त्याच ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

त्यांची गाडी गेल्यावर मी आत आले तर कॉम्प्युटर चालूच होता. सकाळपासून सगळं त्यात उतरलं होतं, दुसरी बाजूसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून खरं ते सांगितलं, टेप कुजतेय हेही. काकू म्हणाल्या, "पुसू नकोस. टेप कुजतेय म्हणालीस ना. राहू दे. पण ऐकूही नकोस."

मी ती पुन्हा ऐकलेली नाही. मात्र छकुलीच्या बाजूची पूर्ण कॉपी करायला शनिवारच्या रेकॉर्डिंगमधून तिचा भाग वेगळा करावा लागला, आणि त्यासाठी आवाजाची आकृती पडद्यावर बघावी लागते. शब्द असतो तिथे रेघ फुगते, शांतता असते तिथे सपाट होते. शेवटचा "मी येऊ का" ओळखू येत होता, तीन छोटे उंचवटे. पुढे लांबलचक सपाट रेघ, आणि मग "बरं".

त्या सपाट रेघेत, "बरं"च्या थोडं आधी, एक लहानसा उंचवटा आहे.

त्या दिवशी आम्हा तिघींनाही तिथे काही ऐकू आलं नव्हतं. वेढ्यावेढ्यातून उमटलेली काकांच्याच "बरं"ची सावली असेल. पण ती सेकंदभर आधी असते आणि हा त्याहून बराच आधी आहे. घर गरम करणारा फर्नेस चालू झाला असेल. हिवाळ्यात बेसमेंटचा फर्नेस असा आवाज करतो, मी कितीतरी टेपांवर ऐकलाय. मी फाइल बंद केली.

काकू आता प्लेनोला आहेत. अंगणात कढीपत्ता लागलाय म्हणतात. मार्चमध्ये लेकीनं केक आणला, मेणबत्ती लावली नाही, दोघींनी नुसता खाल्ला. लेक आता त्यांना "जेवलीस का?" विचारते, मराठीत, आणि उत्तर येईपर्यंत थांबते. दर रविवारी काकूंचा फोन येतो. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी विचारतात, "ती कॉपी ठेवली आहेस ना नीट?"

"हो, काकू."

त्या उंचवट्याबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.